पोटोसी : चांदीच्या डोंगराखालचे शहर

१)
पाठीवर पिशवी टाकून महिनोन्‌महिने दक्षिण अमेरिका पालथी घालणाऱ्या बॅकपॅकर मंडळींचा एक रुळलेला मार्ग आहे. पेरूमधील कुस्को, तितिकाका सरोवर, बोलिव्हियाचे ला पाझ, उयुनीचे मिठाचे अफाट मैदान आणि तेथून सुमारे २०० किलोमीटरवरचे पोटोसी. हे शहर समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली, तरी पोटोसीच्या चौकापर्यंत पोहोचायला आणखी सातशे मीटर चढावे लागेल. येथल्या हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या जेमतेम ६० टक्के. बसमधून उतरलेल्या धडधाकट तरुणालाही दहा पायऱ्यांत धाप लागते, डोके ठणकते, रात्री झोप येत नाही. स्थानिक लोक या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात आणि पाहुण्याच्या हाती कोकाच्या पानांचा गरम काढा देतात.

२)
जेथे धड झाड उगवत नाही, अशा ठिकाणी शहर का वसले? तेही असे शहर, जे सतराव्या शतकाच्या आरंभी जगातील मोठ्या नगरांमध्ये गणले जात होते? त्याचे उत्तर शहरातल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीच्या टोकाला दिसते. घरांच्या कौलांवर उभा असलेला, तांबूस रंगाचा, शंकूसारखा डोंगर : सेर्रो रिको, म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’. त्याची उंची सुमारे ४,८०० मीटर. या डोंगरातली चांदी कोणी काढली, ती कुठे गेली, आणि आज पैसे भरून त्याच्या पोटात शिरणारा प्रवासी नेमके काय पाहतो, याचा हा इतिहास.

३)
दंतकथा अशी की, इंका सम्राट वायना कापाकच्या माणसांनी हा डोंगर खणायला घेतला, तेव्हा आतून गडगडाटी आवाज आला : ही चांदी तुमच्यासाठी नाही, मागाहून येणाऱ्यांसाठी राखलेली आहे. ही कथा स्पॅनिश सत्ता आल्यानंतरच्या काळात लिहिली गेली, आणि तिचा कल कोणाच्या सोयीचा आहे हे उघड आहे. नोंदींमधला इतिहास १५४५ पासून सुरू होतो. दिएगो वाल्पा नावाच्या एका स्थानिक माणसाला डोंगरावर चांदीची शीर सापडली आणि बातमी स्पॅनिश मालकांपर्यंत पोहोचली. काही महिन्यांतच डोंगराच्या पायथ्याशी झोपड्या, कोठारे आणि जुगाराचे अड्डे उभे राहिले. १५६१ साली या वस्तीला ‘विला इम्पेरियाल’, म्हणजे शाही नगरी, हा दर्जा मिळाला.

४)
वाढीचा वेग थक्क करणारा होता. १५७२ च्या सुमारास येथे १,२०,००० लोक राहत असल्याची गणना आहे. १६११ मध्ये तो आकडा १,६०,००० सांगितला जातो. या उंचीवर पिकत काहीच नसल्याने सर्व काही बाहेरून यायचे. खेचरे आजच्या अर्जेंटिनाच्या मैदानांतून, कोका कुस्कोकडच्या उष्ण दऱ्यांतून, मद्य पेरूच्या किनाऱ्यावरून, आणि श्रीमंतांसाठी चिनी रेशीम मनिला व अकापुल्कोमार्गे. स्पॅनिश भाषेत अतोनात मोलाच्या गोष्टीला ‘एका पोटोसीएवढी मोलाची’ म्हणण्याची रीत पडली. सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’मध्येही हा वाक्प्रचार येतो.

५)
श्रीमंतांच्या ताटात काय होते, यापेक्षा खाणकामगारांच्या झोळीत काय होते हे अधिक महत्त्वाचे. तेथे होता ‘चुन्यो’. अँडीजच्या पठारावर रात्री पाणी गोठते आणि दिवसा कडक ऊन पडते. बटाटे रात्रभर गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढायचे आणि उन्हात खडखडीत वाळवायचे. हे वाळवण वर्षानुवर्षे टिकते आणि वजनाला हलके असते. पोटोसीच्या बाजारात चुन्यो विकून कित्येक स्पॅनिश व्यापारी गबर होऊन मायदेशी परतले. बटाटा मूळचा याच प्रदेशातला. पुढे तो युरोपीय जहाजांतून हिंदुस्थानात आला. आपण त्याला ज्या नावाने हाक मारतो, तो ‘बटाटा’ शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत उतरला. पोटोसीची चांदी कागदोपत्री स्पेनच्या राजाची असली, तरी ती वर येत होती या वाळवणाच्या बळावर.

६)
पहिली पंचवीसएक वर्षे चांदी गाळण्याची विद्या स्थानिकांच्या हाती होती. ‘वायरा’ म्हणजे क्वेचुआ भाषेत वारा. मातीच्या, भोकाभोकांच्या लहान भट्ट्या डोंगरउतारावर मांडायच्या; पठारावरचा भणाणता वारा भात्याचे काम करायचा. रात्री अशा हजारो भट्ट्या पेटलेल्या असत. स्पॅनिशांचे मोठे भाते येथे चालले नाहीत. त्यामुळे धातुक खणून आणणारा आणि ते गाळणारा, दोघांच्याही हाती चांदीचा काही वाटा राहत असे. मात्र ही पद्धत केवळ अतिशय समृद्ध धातुकालाच लागू पडे. १५६० च्या दशकात वरच्या थरांतील असे धातुक संपत आले आणि पोटोसीला उतरती कळा लागणार असे दिसू लागले.

७)
या वळणावर पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो पुढे येतो. १५७० च्या दशकात त्याने तीन गोष्टी एकत्र जुळवल्या. पहिली, पारा. निकृष्ट धातुकाची पूड करून ती मीठ व पाऱ्यात कालवली की चांदी पाऱ्याला बिलगते. मग तापवून पारा उडवला की चांदी उरते. ही पद्धत बार्तोलोमे दे मेदिनाने १५५० च्या दशकात मेक्सिकोत रूढ केली होती, आणि पारा पेरूतच, वांकाव्हेलिका येथे, सापडला होता. दुसरी गोष्ट, पाणी. धातुक कुटणाऱ्या चक्क्या फिरवण्यासाठी शहरावरच्या डोंगरांत धरणे बांधून तलावांची मालिका तयार करण्यात आली. तिसरी गोष्ट, माणसे.

८)
माणसे मिळवण्याच्या या व्यवस्थेचे नाव ‘मिता’. क्वेचुआ भाषेत या शब्दाचा अर्थ पाळी. इंका राज्यात प्रत्येक समूह पाळीपाळीने रस्ते, शेती, बांधकाम यांसाठी श्रम देई आणि त्या बदल्यात राज्य त्याचे अन्नवस्त्र पाही. तोलेदोने नाव तेच ठेवले, आशय बदलला. कुस्कोच्या परिसरापासून आजच्या दक्षिण बोलिव्हियापर्यंतच्या सोळा प्रांतांनी दरवर्षी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी सुमारे एक सप्तमांश पोटोसीला धाडायचे. हा आकडा वर्षाला साधारण १३,५०० होता. त्यांतील एकतृतीयांश माणसे एका वेळी कामावर असत : एक आठवडा खाण, दोन आठवडे विसावा, असा नियम. मजुरी ठरलेली होती, पण ती इतकी तुटपुंजी की विसाव्याच्या आठवड्यांतही पोटासाठी राबावेच लागे. महाराष्ट्राच्या गावगाड्यातली वेठबिगार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या व्यवस्थेची जात ओळखायला वेळ लागणार नाही.

९)
मितासाठी केवळ पुरुष निघत नसत. बायकामुले, लामांचे कळप आणि चुन्योची पोती घेऊन अख्खी कुटुंबे आठवडेच्या आठवडे चालत येत. तितिकाकाकाठच्या चुकुइतो प्रांतातून येणारे तांडे तर हजारोंचे असत. खाणीतल्या कामाचे वर्णन जेझुइट लेखक होसे दे आकोस्ता याने १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. कातड्याच्या दोरांच्या शिड्या, अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती, छातीवर गाठ मारलेल्या कांबळ्यातून पाठीवर घेतलेले सुमारे वीस-पंचवीस किलोंचे धातुक, आणि वरपर्यंतचा तासन्‌तासांचा चढ. आत उबट कोंदट हवा आणि बाहेर पडताच हाडे गोठवणारा वारा. घामेजलेले शरीर या बदलात न्युमोनियाने जाई. जे खाणीत वाचत, त्यांपैकी अनेकांना चक्कीतली धूळ आणि भट्टीतली पाऱ्याची वाफ गाठे.

१०)
पोटोसीविषयी एक आकडा नेहमी ऐकू येतो : या डोंगराने ८० लाख माणसे खाल्ली. एदुआर्दो गालेआनोच्या १९७१ मधील सुप्रसिद्ध पुस्तकामुळे तो जगभर पोहोचला. हा आकडा कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. पीटर बेकवेलसारख्या इतिहासकारांनी दप्तरे तपासून दाखवले की, १६०० च्या सुमारास खाणीतील निम्म्याहून अधिक कामगार मितावरचे नव्हते, तर अधिक मजुरीसाठी येणारे ‘मिंगा’ कामगार होते. अँडीजच्या प्रदेशातील लोकसंख्या कोसळली ती देवी-गोवरासारख्या साथींमुळे, भुकेमुळे आणि पलायनामुळेही. आकडा खोटा ठरला म्हणून अन्याय लहान होत नाही. उलट त्याचे खरे रूप अधिक स्पष्ट दिसते. पोटोसीने एकाच जागी माणसे मारली नाहीत. शेकडो कोसांवरची गावे तिने आतून पोखरली.

११)
ते कसे, हे ‘खिशातले मजूर’ या शब्दप्रयोगावरून कळते. गावाची माणसे मेली किंवा पळाली, तरी मिताचा आकडा सहजी कमी होत नसे. उरलेली भरपाई गावच्या मुखियाने, म्हणजे ‘कुराका’ने, रोख रकमेत करायची. ही रक्कम बदली मजुरांसाठी असे. पण अनेक खाणमालक मजूर न लावता ती सरळ खिशात घालत. खाण बंद, चक्की बंद, तरी उत्पन्न चालू! कुराकांना जमिनी गहाण टाकाव्या लागल्या. पुरुष गाव सोडून परमुलखात ‘फोरास्तेरो’, म्हणजे उपरे, होऊन राहू लागले, कारण उपऱ्यावर मिता लागू नव्हती. आपल्या गावात राहणे हीच शिक्षा ठरली. व्हाइसरॉय कोंदे दे लेमोसने १६७० च्या सुमारास मिता रद्द करण्याचा आग्रह धरला. माद्रिदने तो मानला नाही.

१२)
शहरावरही घाव पडले. १६२६ साली डोंगरातले एक धरण फुटले. पाण्याच्या लोंढ्यात चक्क्यांची रांग आणि असंख्य माणसे वाहून गेली. त्यानंतर काही वर्षांनी टांकसाळीतली लबाडी उघडकीस आली. चांदीचे बडे व्यापारी आणि टांकसाळीचे पारखी संगनमताने नाण्यांत तांबे मिसळत होते. युरोपच्या बाजारांत पोटोसीची नाणी नाकारली जाऊ लागली. चौकशी झाली, नाण्यांचा छाप बदलावा लागला, आणि या कटातला मुख्य धनाढ्य फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा याला १६५० मध्ये देहदंड झाला. जगाचा विश्वास ज्या नाण्यावर होता, त्याची ही नाचक्की होती.

१३)
ते नाणे म्हणजे ‘आठ रेआल’. वजन सुमारे २७ ग्रॅम. हातोड्याने ठोकलेले, कडा वेड्यावाकड्या, पण चांदी भरवशाची. त्यावर टांकसाळीची खूण म्हणून ‘पी’ हे रोमन अक्षर असे. पुढे अठराव्या शतकात पोटोसी या नावातली अक्षरे एकमेकांवर गुंफून खूण केली जाऊ लागली. शहरात आज उभी असलेली टांकसाळीची प्रचंड दगडी इमारत १७५९ ते १७७३ या काळात बांधली गेली. आता ते संग्रहालय आहे. चांदीचे पत्रे लाटणारी लाकडी दातेरी चाके तेथे जागच्या जागी आहेत. ती वरच्या मजल्यावर. खाली, अंधाऱ्या दालनात, खेचरे गोल गोल फिरत ती चाके फिरवीत. टांकसाळीत आफ्रिकेतून आणलेले गुलामही राबत होते.

१४)
पोटोसीची चांदी लामा व खेचरांच्या पाठीवरून आरिका बंदराला उतरे, जहाजाने कायाओला आणि पनामाला जाई, पुन्हा खेचरांवरून संयोगभूमी ओलांडे आणि अटलांटिकपार सेव्हियाला पोहोचे. स्पेनच्या राजाने ती युद्धांत आणि कर्जफेडीत उडवली. ती जिनोआ, अँटवर्प, अॅमस्टरडॅमच्या सावकारांकडे गेली. डच आणि इंग्रज कंपन्यांनी तिची पेटारे भरून जहाजांत चढवली, कारण आशियाला विकण्यासारखे युरोपकडे फारसे काही नव्हते. मसाले, सुती कापड, नीळ, रेशीम यांची किंमत रोख चांदीतच मोजावी लागे. सतराव्या शतकात इंग्रज ईस्ट इंडिया कंपनी पूर्वेकडे पाठवीत असलेल्या मालात सर्वांत मोठा भाग सोन्याचांदीचा होता.

१५)
ही चांदी आपल्याकडे अनेक वाटांनी आली. लिस्बनहून निघणाऱ्या पोर्तुगीज जहाजांनी रेआल नाणी गोव्यात आणली; १५८० ते १६४० या काळात तर स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या अमलाखाली होते. दुसरी वाट भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र आणि इराणच्या आखातातून सुरतेला येई. तिसरी, केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या कंपन्यांच्या जहाजांची. १६६० च्या दशकात मोगल दरबारी वावरलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने लिहून ठेवले की, जगभर फिरून सोनेचांदी अखेर हिंदुस्थानात येते आणि येथेच गडप होते. त्यात अमेरिकेच्या खाणींचा तो स्पष्ट उल्लेख करतो.

१६)
हिंदुस्थानात चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या, तरी मोगल अर्थव्यवस्था चांदीच्या रुपयावर चालत होती. सुरतेच्या टांकसाळीत व्यापारी परकीय नाणी देऊन, ती वितळवून, ठरलेली फी भरून रुपये पाडून घेत. एका ‘आठ रेआल’मध्ये दोन रुपयांहून अधिक चांदी असे. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी ज्या सुरतेवर स्वाऱ्या केल्या, तिच्या संपत्तीत या परदेशी चांदीच्या ओघाचा मोठा वाटा होता. मुशीत पडलेल्या नाण्याची खूण मात्र पुसली जाते. रुपयावर बादशहाचे नाव उमटले की ‘पी’ अक्षर नाहीसे होई, आणि त्या अक्षरासोबत अंगठ्याला बांधलेली मेणबत्तीही. सुरतेच्या सराफाला तिचा पत्ता असण्याचे कारण नव्हते.

१७)
डोंगरात मात्र खुणा साचत राहिल्या. अठराव्या शतकात एक नवे नाव दप्तरांत वारंवार दिसू लागते : ‘काखचा’. शनिवारी संध्याकाळी खाणींतले नियमित काम थांबले की सोमवार सकाळपर्यंत ही माणसे आत शिरत आणि मिळेल ते धातुक काढत. खाणमालकांच्या लेखी ते चोर होते. त्यांच्या स्वतःच्या लेखी आठवडाभराच्या राबणुकीनंतर उरलेल्या धातुकावर त्यांचा हक्क होता. त्यांतले बहुतेक इतर दिवशी त्याच खाणींत मजुरी करीत. लहान दगडी पाट्यांवर ते धातुक कुटले जाई आणि राजाची पेढीही त्यांची चांदी विकत घेई. मालकांनी उरवलेले, टाकून दिलेले वेचणारा हा कामगार पोटोसीच्या इतिहासातून पुढे कधीच गेला नाही.

१८)
१८१२ मध्ये स्पेनमधील काडिझच्या संसदेने मिता रद्द ठरवली. स्वातंत्र्ययुद्धानंतर १८२५ मध्ये ती कायमची गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिमोन बोलिव्हार सेर्रो रिकोच्या शिखरावर चढला आणि त्याने तेथे मुक्त देशांचे ध्वज फडकवले. त्याच्या नावाचे नवे प्रजासत्ताक जन्माला आले होते. एके काळी दीड लाखाचे असलेले हे शहर तोवर काही हजारांवर आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगाला डबाबंद अन्नासाठी कथील हवे झाले आणि चांदीच्या शिरांलगतचे जे कथील कोणी विचारात घेतले नव्हते, त्याच्यासाठी डोंगर पुन्हा खणला जाऊ लागला. पातिन्यो, होखशिल्ड आणि आरामायो ही तीन घराणी ‘कथिलाचे सरदार’ म्हणून ओळखली गेली.

१९)
१९५२ च्या क्रांतीनंतर या मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ‘कोमिबोल’ हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. खाणकामगारांना मतदानाचा अधिकार मिळाला, स्वस्त धान्याची दुकाने मिळाली, दवाखाने मिळाले. ही व्यवस्था तेहतीस वर्षे टिकली. १९८५ मध्ये सरकारने २१०६० क्रमांकाचा हुकूम काढून आर्थिक धोरण पालटले. त्याच वर्षी जागतिक बाजारात कथिलाचा भाव कोसळला. वीस हजारांहून अधिक सरकारी खाणकामगार घरी बसवले गेले. त्यांतले बरेच जण सखल प्रदेशात कोकाच्या शेतीकडे वळले. जे पोटोसीत राहिले, त्यांनी सहकारी संस्था काढून जुन्या बोगद्यांत पुन्हा प्रवेश केला. सहकारी हे नाव खरे, पण सभासद वेगळा आणि त्याच्या हाताखालचा रोजंदार वेगळा. रोजंदाराला विमा नाही, खात्रीचे वेतनही नाही. काखचांची रीत नव्या नावाने परतली.

२०)
बॅकपॅकर पोटोसीला येऊ लागले ते साधारण याच सुमारास. १९८७ मध्ये शहर व डोंगर यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कथिलाच्या पडझडीत रोजगार गमावलेले काही माजी खाणकामगार वाटाडे बनले. तेव्हापासून फेरीचा क्रम फारसा बदललेला नाही. प्रथम खाणकामगारांचा बाजार. तेथे कोकाची पाने, सिगारेटी, ९६ टक्के तीव्रतेचा मद्यार्क, आणि डायनामाइटच्या कांड्या वातीसकट उघड्यावर विकत मिळतात. पाहुण्यांनी यांतले काही विकत घेऊन आत भेटणाऱ्या कामगारांना द्यायचे, ही रीत. मग हेल्मेट, दिवा, रबरी बूट, आणि जेमतेम वाकून जाता येईल असा बोगदा.

२१)
आत एका वळणावर ‘एल तिओ’ बसलेला असतो. तिओ म्हणजे काका. मातीची, शिंगे असलेली, डोळे वटारलेली मूर्ती. तोंडात सिगारेट, मांडीवर कोकाची पाने. डोंगराबाहेर ख्रिस्ताचे राज्य, डोंगराच्या पोटात तिओचे. शुक्रवारी काम संपल्यावर कामगार त्याच्यापुढे बसतात, मद्याचे थेंब जमिनीवर शिंपडतात आणि शीर दाखव, जीव राख असे मागणे मागतात. बाहेर टांकसाळीच्या संग्रहालयात अठराव्या शतकातले एक अनामिक चित्र आहे, ज्यात कुमारी मेरीचा झगा हाच सेर्रो रिको झाला आहे. चर्चने ते मेरीचे चित्र मानले. अँडीजच्या माणसाला त्यात भूमाता पाचामामाही दिसली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. चारशे-पाचशे वर्षांत या डोंगराने देवांनाही एकमेकांत मिसळायला लावले.

२२)
खाण पाहायला जावे का, हा प्रश्न पोटोसीत अनेक प्रवाशांना पडतो. दोन-तीन तासांत बाहेर पडणाऱ्या माणसाने आयुष्य आत घालवणाऱ्या माणसाकडे टक लावून पाहणे अनेकांना अशोभनीय वाटते. कोवळ्या वयाची मुलेही या बोगद्यांत राबताना दिसली आहेत. डोंगराची धूळ फुप्फुसांत साचून होणारा सिलिकोसिस हा तर येथला जुना सोबती; चाळिशीच्या आसपास श्वास कमी पडू लागलेले पुरुष येथे दुर्मीळ नाहीत. दुसरी बाजूही तितकीच खरी. वाटाड्याचे काम हा खाणीबाहेरचा, फुप्फुसे शाबूत ठेवणारा रोजगार आहे, आणि आपले श्रम कोणी पाहावेत असे वाटणारे कामगारही आहेत. या चांदीने जग श्रीमंत झाले, तेव्हा ती काढणाऱ्याकडे पाहायला कोणी आलेच नव्हते.

२३)
आज प्रश्न डोंगराच्याच अस्तित्वाचा आहे. सेर्रो रिकोच्या पोटात शतकानुशतकांच्या बोगद्यांचे जाळे आहे. पुष्कळ बोगद्यांचे नकाशेही नाहीत. २०११ मध्ये शिखराजवळची जमीन खचली आणि मोठा खड्डा पडला. तो भरण्याचे उपाय झाले, पण खचणे थांबले नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने पोटोसीला संकटग्रस्त वारशाच्या यादीत टाकले. ४,४०० मीटरच्या वर खाणकाम करू नये असा नियम आहे. तो पाळला जात नाही. शिखर वाचवायचे तर वरच्या खाणी बंद करायला हव्यात, आणि त्या बंद केल्या तर हजारो कुटुंबांच्या चुली विझतात. जस्त, शिसे, कथील आणि उरलीसुरली चांदी यांखेरीज या शहरात मोठा रोजगार नाही. बोलिव्हियाच्या राजचिन्हावर हाच डोंगर आहे. राष्ट्राच्या चिन्हावर तो अभंग आहे.

२४)
मिता संपून दोनशे वर्षे झाली. तिचा परिणाम संपला का? अर्थशास्त्रज्ञ मेलिसा डेल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण पेरूमधील मिताच्या जुन्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंची गावे तुलनेला घेतली. हवामान सारखे, उंची सारखी, लोक सारखे. तरीही ज्या गावांवर एके काळी मिता होती, तेथे आजही कुटुंबांचा उपभोग सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला, मुलांची वाढ खुंटण्याचे प्रमाण अधिक होते, आणि रस्त्यांचे जाळे विरळ होते. कोणत्या प्रांताने माणसे द्यायची, याची तोलेदोच्या काळात ठरलेली सीमा आजच्या मुलांच्या उंचीत मोजता येते. पोटोसीपासून शेकडो किलोमीटरवरच्या, चांदी कधी न पाहिलेल्या गावांची ही गोष्ट आहे.

२५)
पोटोसीच्या चांदीचा इतिहास नेहमी तिच्या प्रवासाचा इतिहास म्हणून सांगितला जातो : सेव्हिया, अॅमस्टरडॅम, मनिला, गोवा, सुरत. तो खरा आहे आणि त्यात आपलाही वाटा आहे. कारण ज्या रुपयांत येथला शेतसारा भरला गेला, त्यांतल्या काहींची चांदी याच डोंगरातून निघालेली असणार. परंतु चांदी निघून गेली आणि काम मागे राहिले. राजे बदलले, मालक बदलले, चांदीच्या जागी कथील आले, कथिलाच्या जागी जस्त. बदलला नाही तो कोकाची पाने गालात धरून पहाटे डोंगर चढणारा माणूस. बॅकपॅकर पोटोसीत जे पाहतो, ते म्हणून अवशेष नव्हेत. १५४५ मध्ये सुरू झालेली पाळी अजून संपलेली नाही, हे तो पाहतो.